खरवड कुणाची

मुलांजे नावाच्या डोंगराखालच्या चिकुंबा गावात एनेलेसीशी कुणाचं पटत नसे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. नवरा गेला तेव्हा सांत्वनाला आलेल्या बायकांना तिने पाणी आणायला लावलं होतं. "रडायचंच आहे ना, मग घागरी भरता भरता रडा," असं म्हणाली होती. अशा बाईला शाळेच्या चुलीवर घेतलं ते केवळ तिच्या दंडातल्या जोरासाठी. दोनशे मुलांची लापशी वल्ह्याएवढ्या लाकडी उलथण्याने ढवळायची, हे अडुसष्टाव्या वर्षीही तिला जमत होतं.

मका-सोयाबीनचं पीठ बाहेरच्या मदतसंस्थेकडून येई. लाकूडफाटा गावाने द्यायचा. सोमवारी ज्या घरातून मोळी आली नाही, त्या घरच्या पोराने आठवडाभर रांगेच्या शेवटी उभं राहायचं, उरलं तर खायचं. शाळा समितीचे अध्यक्ष लायटोनी यांनी हा नियम केला होता; गाव त्यांना आदराने बाम्बो म्हणे. फेब्रुवारीत जुना मका संपलेला, नवा अजून हिरवा. तेव्हा शेवटच्या पोरांची संख्या चौतीसवर गेली होती.

आणि उरत काहीच नसे. रांधणाऱ्या बायकांना पगार नव्हता, पातेल्याची खरवड मात्र त्यांची, असा रिवाज होता. शेवटची पंधरा मिनिटं ढवळणं थांबवलं की तळाला चार बोटं जाड थर धरतो. "लागली मेली," असं रोज हळहळत बायका तो थर टोपलीत भरून घरी नेत.

त्या फेब्रुवारीत चुलीवर नव्याने आलेली एनेलेसी लागू देत नव्हती. सात वर्षांची असताना चहामळ्याच्या भटारखान्यामागे ती रांगेच्या शेवटी उभी राहत असे. रिकाम्या पातेल्यात डाव आपटल्याचा पोकळ आवाज तिच्या कानात तेव्हापासून बसला होता.

"आगोगो, हात दुखतील. जरा टेका," तिच्याबरोबर रांधणारी फनेसी म्हणाली; आजीच्या वयाच्या बाईला गावात आगोगो म्हणत.

"हात माझे आहेत."

"आणि खरवड आमची आहे."

"धरली तर तुमची. मी धरू देत नाही."

"घरी खाणारं कुणी नाही म्हणून हा तोरा."

हे लागलं. एनेलेसीने स्वतःची दोन मुलं पुरली होती. ती ढवळत राहिली. त्या दिवशी चौतीस पोरांना अर्धा अर्धा डाव मिळाला. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही मिळाला. तिसऱ्या दिवशी फनेसीने रिकामी टोपली थेट लायटोनींच्या दारात नेऊन आपटली.

शाळेच्या आंब्याखाली बैठक बसली.

"माई एनेलेसी," लायटोनी म्हणाले, "मोळी न देणाऱ्याचं पोट भरायचं, आणि चुलीपाशी डोळे फोडून घेणारीने उपाशी जायचं, ही कुठली रीत?"

"शेवटून दुसरं पोर आहे ना, त्याच्या घरी एकटी आंधळी आजी आहे. तिला पाठवा डोंगरावर. तुम्ही हात धरून पुढे चाला."

कुणीतरी हसलं. लायटोनी हसले नाहीत.

"तुमच्या घरची मोळी कोण आणतं, बाम्बो?"

"जावई आणतो."

"मग जावई नसणं हा त्या पोरांचा गुन्हा झाला."

तेवढ्यात फनेसी उठली. पाठीवर कापडात बांधलेली आपली दोन वर्षांची मुलगी मागिरेटा तिने सोडून पुढे धरली. पोरीचे केस विरळ, तांबूस झाले होते, पावलं सुजली होती.

"त्या पोरांची कीव येते ना तुम्हाला? हिचं काय? ही शाळेत नाही, म्हणून रांगेतही नाही. हिला खरवड मिळाली तरच पोटात काही जातं. तीन दिवस हिच्या तोंडचं काढलंत तुम्ही."

एनेलेसीने ते केस पाहिले. तिच्या थोरल्याचे असेच झाले होते. उत्तर मात्र नेहमीसारखंच आंबट निघालं.

"मग तसं सांगायचं होतंस. 'लागली मेली' कशाला म्हणत होतीस? आण हिची वाटी. पहिला डाव हिचा."

"नोंद नसलेल्या पोराला डाव देता येत नाही," लायटोनी म्हणाले. "तपासनीस आले तर पीठ बंद होईल."

"खरवड देता येते आणि डाव नाही?"

"खरवड हा रिवाज आहे. डावाला नियम आहे. आणि उद्यापासून उलथणं फनेसीकडे. तुम्ही लाकडं फोडा."

दुसऱ्या दिवशी एनेलेसी लाकडाच्या ढिगापाशी होती. शेवटची पंधरा मिनिटं आली तशी फनेसीने उलथणं बाहेर काढलं, आणि तिची नजर ढिगाकडे गेली.

"बघू नका माझ्याकडे."

"कोण बघतंय?"

फनेसी पुटपुटत पुन्हा ढवळू लागली. थोडा वेळ, सगळा नाही. चौतीसांपैकी वीस पोरांपर्यंत लापशी पोहोचली, मग डाव पोकळ वाजला. एनेलेसीची कुऱ्हाड हवेतच थबकली.

फनेसीने तळ खरवडला. दोन बोटं थर निघाला. अर्धा तिने टोपलीत टाकला, अर्धा पातेल्याच्या झाकणावर थापला आणि उरलेल्या चौदा पोरांपुढे सरकवला.

"घ्या. त्या म्हातारीची दृष्ट लागलेली आहे, पचली तर खा."

"करपवलीय," एनेलेसी म्हणाली, आणि पुढचा ओंडका कुऱ्हाडीखाली ओढला.