चावी काढली, तरी इंजिन चालूच

मंडळी, नव्या ट्रकात जुनं डिझेल इंजिन बसवलं. इंजिन स्वस्तात मिळालं, पण बसवण्यापायी अर्ध्या हंगामाचं भाडं बुडालं. तरी मी मिरवायचो, "याचं दुखणं मी नुसत्या आवाजावरून सांगतो."

आज सकाळी पणदऱ्यात ऊस भरून निघताना ड्रायव्हर रफिकभाई म्हणाला, "तात्या, बारीक शिट्टी वाजतीया."

"जुनं हाय, गाणारच की!" मी हसलो.

इंदापूरच्या अलीकडं चहाला थांबलो. मी खाली उतरलो. रफिकभाईनं चावी काढली, तरी इंजिन बंद होईना. उलट आवाज चढतच गेला, धुरानं केबिन दिसेना. सकाळी शिट्टी मारणारा, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो फुटला होता; त्यातून गळणारं ऑइल पिऊन इंजिन डिझेलशिवाय आपोआप पळत होतं.

"तात्या, लांब व्हा!" आतनं ओरडत त्यानं ब्रेक दाबला, वरचा गिअर टाकून क्लच सोडला. गचका बसला आणि इंजिन मेलं.

तुमच्यापैकी कुणाच्या गाडीत असं जुनं इंजिन आहे का? असेल तर ड्रायव्हरचं ऐका. सकाळची ती शिट्टी मला ऐकूच आली नव्हती.