पॉलिश न लागणारा डेक

आमचे काका जन्माचे सुतार. घरामागच्या डेकच्या, म्हणजे उघड्या ओट्याच्या, लाकडी फळ्या कुजल्या, तेव्हा काकू म्हणाली, "आता प्लॅस्टिकमिश्रित फळ्या टाकू."

काकांनी घर डोक्यावर घेतलं. "सुताराच्या घरात खोटं लाकूड?"

"दर वर्षी पॉलिश करता नि कंबर धरून बसता. पुरे झालं!"

काकूपुढे कुणाचं चाललंय? तिने दुकानातले नमुने भर उन्हात मांडले आणि काकांना त्यांवर अनवाणी उभं केलं. गडद फळीवरून काका टुणकन उडाले; फिक्या राखाडीवर मात्र निवांत उभे राहिले. तीच ठरली.

पुढच्या वर्षी पॉलिशचे दिवस आले. काका ब्रश घेऊन नव्या डेकवर नुसत्याच येरझाऱ्या घालू लागले. काकूने स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणून त्यांच्यासमोर ठेवलं.

"घ्या. पण हळूहळू करा, घरात दुसरं स्टूल नाही."