लाल टोपीतला कानवाला

सोलापुरात आई विड्या वळायची, तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. मांडीवर सूप घेऊन ती शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून मालिका बघायची. बोटं पानावर, डोळे पडद्यावर. तिचा आवडता नट कायम नोकराच्या कामात असे. बोलण्याआधी कान खाजवायचा. पडद्यावरची नावं वाचणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून तो आमचा ‘कानवाला’.

परवा नाताळचा एक इंग्रजी विनोदी सिनेमा लावला होता. लाल टोपीतला म्हातारा दुकानदार दोन वाक्यांपुरता आला, त्यानं कान खाजवला आणि आई म्हणाली, “अगं, हा तर कानवाला.”

धाकटा भाऊ हसला. “उद्या म्हणशील, सांताक्लॉजपण आपल्याच गल्लीतला.”

“हास तू. माणूस मी ओळखते.”

नायकाला सगळेच ओळखतात. एवढ्याशा कामातला माणूस ओळखायला मात्र त्याच्याकडे कधीतरी मन लावून पाहिलेलं असावं लागतं.

शेवटी नावं भराभर सरकू लागली. मी ती थांबवून दुकानदाराचं नाव शोधलं, फोनवर टाकलं. आई बघायची त्यातल्याच एका जुन्या मालिकेतला, नोकराच्या वेषातला त्याचा फोटो आला. मग ते नाव मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

इतक्या वर्षांनी कानवाल्याचं नाव आमच्या घराला कळलं, आणि ते घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीनं वाचलं.