काचेवरची हवा

माझ्या धाकट्या साडूंइतका हवेचा विचार केलेला माणूस आमच्या शहरात दुसरा झाला नसेल. कुणाच्याही घरी गेले की पाणी यायच्या आत त्यांची नजर खिडक्यांवरून फिरायची, आणि 'वारा येतो, पण त्याला जायला वाट कुठंय?' असं म्हणून ते यजमानाला नव्या घराबद्दल कायमचं दुःखी करून सोडायचे. वाळूजच्या कारखान्यात ते देखभालीच्या कामावर होते. आठ तास यंत्रांशी झटून घरी आल्यावर शेजाऱ्यांचे कूलर त्यांना हाका मारत. एका लग्नात नवरानवरीला घामाघूम पाहून ते अक्षता हातात तशाच ठेवून स्टेजवर चढले आणि मंगलाष्टकं चालू असताना कूलरचं तोंड फिरवून आले. एकदा तर मयताच्या घरी भेटायला गेलो असता स्टूल मागून त्यांनी धड न फिरणारा पंखा उतरवला. मी कोपरानं ढोसलं, तर म्हणाले, "रडणाऱ्या माणसाला आधी वारा लागतो, साडूभाऊ. बोलणं नंतर."

मी औरंगपुऱ्यातल्या कचेरीत खुर्चीवर बसणारा, सासरचा थोरला जावई. थोरल्या जावयाला जेवताना पहिला पाट आणि बाकी कशाचाही जाब नाही, अशी आमच्या सासरची रीत. धाकटे साडू हातानं काम करणारे, म्हणून त्यांना कुणीही काहीही सांगावं. तेही हसत करायचे. ही रीत मला तेव्हा खटकत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

सहा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. चाळीसगावला साखरपुडा होता, पहाटे निघून कन्नडचा घाट उतरायचा होता. आमच्याकडं गाडीचा हीटर वर्षातून चार सकाळी लागतो, त्यामुळे माझ्या गाडीचा पंखा चार नंबरावर ठेवला तरी दमेकऱ्यानं फुंकर मारावी तसा फुंकायचा, याची मला फिकीर नव्हती. साडूंना होती. आदल्या दिवशी ते मुकुंदवाडीहून स्कूटरवर आले, समोरचा कप्पा उतरवला आणि आतली जाळी बाहेर काढून माझ्या बायकोला दाखवली. कडुनिंबाचा पाला, धूळ, उंदरानं कातरलेला कापूस. "ताई, ही गाडी जित्ती कशी राहिली?" त्यांनी पंख्याची पाती दात घासायच्या ब्रशनं एक-एक करून साफ केली, नवी जाळी बसवली, आणि उदबत्ती लावून प्रत्येक झरोक्यापुढं धरली. धूर सपकन् आडवा झाला तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं, ते मी लोकांच्या तोंडावर बारशालाच पाहिलंय.

जाताना त्यांनी एक काम आणखी केलं. स्टिअरिंगपुढच्या पट्टीवर सासूबाईंनी स्वतः शिवलेलं लाल मखमली कापड होतं, लेस लावलेलं, त्यावर गणपती. गणपती त्यांनी कडेला चिकटवला, कापडाची घडी करून माझ्या हातात दिली. "देव राहू द्या. पण ह्या कापडाखाली काचेचा झरोकाय. झाकला तर धुक्यात काच पांढरी होईल." मी हो म्हणालो. संध्याकाळी मनात आलं, उद्या सासूबाई गाडीत बसणार, कापड दिसलं नाही तर त्यांना वाईट वाटेल. मी ते पुन्हा अंथरलं.

घाटाच्या तोंडाशी धुकं लागलं. पायांवर गरम हवा नुसती उसळत होती. मी खटका काचेकडं वळवला तसं ते कापड खालून फुगलं आणि काच पांढरी होत गेली. मला कळलं. लपवत नाही, तिथल्या तिथं कळलं. पण थोरला जावई घाटात गाडी थांबवून सासूबाईंचं कापड काढतोय, हे बरं दिसेना. पुढच्या वळणावर काढू म्हटलं. पुढच्या वळणावर उसाची ट्रॉली उभी होती.

सासूबाईंचा खुबा मोडला. लोक त्यांना बाहेर काढत होते तेव्हा मी कापड ओढून खिशात कोंबलं. दवाखान्यात मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, रडत म्हणाली, "काल यांनी सगळी गाडी उसवली होती ना." साडू पाळीवरून तसेच आले होते, अंगावर निळा डगला. त्यांनी मला एवढंच विचारलं, "काचेवर हवा येत नव्हती?"

"नाही," मी म्हणालो. शब्द खरा होता. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

सासूबाई दीड वर्ष साडूंच्या घरी अंथरुणावर होत्या. त्यांना कुशीवर वळवणं, पाठ पुसणं साडू करायचे. त्या गेल्या. साडूंनी पुन्हा कुणाच्या पंख्या-कूलरला हात लावला नाही. मेहुणी त्यांना घरातला बल्बही बदलू देत नसे, चारचौघांत म्हणायची, "नको, यांच्या हाताला यश नाही." ते खाली बघत. मी समोर बसून चहा पीत असे.

मागच्या महिन्यात मुकुंदवाडीला गेलो आणि साडूंना कापडाचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "पायाला हवा येत होती?"

"जोरात."

"आन् कापड फुगलं होतं?"

"टम्म."

त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "मला सांगून काय उपयोग, साडूभाऊ. आत जा. तिला सांगा."

मेहुणी मेथी निवडत होती. "बसा दाजी," म्हणाली. मी उभ्यानंच सांगितलं. तिनं मान वर केली नाही. काड्या मोडत राहिली, मग हातही थांबले. "सहा वर्षं, दाजी," म्हणाली, आणि ओल्या हातानं बाहेर गेली. मला तिथूनच ऐकू येत होतं.

"तुम्ही तरी बोलायचं ना."

"काय बोलू. काचेवर हवा आली नव्हती, ते खरंच व्हतं."

त्यानंतर तिचा आवाज फुटला आणि त्यांचा समजावणीचा सूर लागला. मी मागच्या दारानं निघालो असतो, पण चपला पुढं होत्या. दोघं दिवाणावर शेजारीशेजारी बसले होते. मी "येतो" म्हणालो. कुणी "या" म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

गाडीपाशी पोचलो तेव्हा आतून साडूंचा आवाज आला, "सावकाश जा."

आमच्याकडं निघणाऱ्याला सगळेच असं म्हणतात. मी किल्ली लावून कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.