साडेसातचे टायर आणि नाल्यावरची बाई

खाली लिहिलंय ते अक्षरन् अक्षर खरं आहे. वाटल्यास जीपच्या स्टेअरिंगवर हात ठेवून सांगतो. त्या दिवशी जीपमध्ये आम्ही तिघं होतो. म्हणजे निघालो तेव्हा दोघंच होतो, मी आणि अक्का. तिसरं कोण, आणि ते कधी चढलं, याबद्दल माझं मत अधूनमधून बदलतं. तेवढं सोडा. बाकी सगळं खरं.

फजिती माझीच आहे, तेव्हा चहा निवांत घ्या.

तर जीप. लढाई संपल्यावर मिलिटरीनं मोडीत काढलेल्या जीपांपैकी एक फिरत फिरत आमच्या पिंप्राळ्यात, माझ्या दारात आली. छप्पर ताडपत्रीचं, दारं नाहीत, भोंगा वाजणं न वाजणं तिच्या मर्जीवर. पण गावात बैलगाडीशिवाय दुसरं वाहन नव्हतं, त्यामुळे तिच्यात बसलो की मला कलेक्टर झाल्यासारखं वाटायचं. खोट एकच. पावसाळ्यात आपली काळी माती कशी होते, तुम्हाला काय सांगायचं? चाकं जागच्या जागी गरागरा फिरायची आणि जीप म्हशीसारखी बसून राहायची.

अशी ती एकदा बसली, आणि नेमकी कुठं बसावी? भाचीच्या सोयरिकीच्या वाटेवर.

अक्का माझी थोरली बहीण. तिला धुळ्याकडं दिली होती. मेव्हणे गेल्यावर सुमन नावाची मुलगी, सोन्या नावाचा म्हातारा बैल आणि तिकडची बोली, एवढं घेऊन ती माझ्याकडं राहायला आली. सुमनचं लग्न जमत आलं होतं. पहूरच्या अलीकडे मळ्यात राहणारे एक नाना होते. त्यांच्या मुलानं सुमनला पाहिलं, सुमननं त्याला पाहिलं, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी भाजीत मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. मामानं आणि आईनं मळ्यात जाऊन ती फोडायची, की झालं.

आम्ही निघालो. मोठा रस्ता सोडून मळ्याच्या मातीच्या वाटेला लागलो आणि तिथल्या नाल्यात जीप रुतली. दिवस तिथंच मावळला. नाना वाट बघून बघून उठले.

आता पुढच्या बाजारी ते भेटल्यावर त्यांना काय सांगायचं? चिखलात रुतलो? ज्या जीपबद्दल मी त्यांच्या ओसरीवर बसून तोंड दुखेपर्यंत बढाया मारल्या होत्या, ती रुतली? माझ्या तोंडातून आपोआप निघून गेलं की नाल्यात एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, पायात घुंगरांचे तोडे. तिनं मागचं चाक धरून ठेवलं. एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही, म्हणून वर नियमही जोडले. ती छुन् छुन् करत गाडीच्या मागं येते. मागं वळून बघायचं नाही. बघितलं, की ती गाडीत येऊन बसते.

अक्का त्या दिवशी जीपमध्येच होती. तिला चिखलाशिवाय काही दिसलं नव्हतं. ही हकिगत ऐकून तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

गोष्ट माझ्या जीपपेक्षा जोरात पळाली. थोड्याच दिवसांत नाल्याच्या काठच्या एका दगडाला शेंदूर लागला. कुणी हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या. एका गाडीवानानं तर मलाच त्या बाईची सगळी हकिगत ऐकवली, तिचं माहेर कुठलं तेसुद्धा सांगितलं. ते मलाही माहीत नव्हतं.

नाना मात्र वेगळा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान जमवलं आणि म्हणाले, “मामा, बाई असो नाहीतर चिखल असो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या आत मळ्यात या. नाही आलात तर त्याच्या दुसऱ्या दिवशी रावेरची केळीवाली मंडळी त्यांच्या मुलीचं स्थळ घेऊन येताहेत. त्यांना मी नाही म्हणणार नाही.”

हे सुमनच्या कानावर गेलं. ती ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत राहिली. मला ते मिठापेक्षा जास्त झोंबलं.

म्हणून मी धुळं गाठलं. आग्रा रोडला एक मिस्त्री मिलिटरीच्या जुन्या मालाची वखार सांभाळून होता. त्यानं माझ्या जीपचे सहा इंच रुंदीचे टायर काढले आणि साडेसातचे चढवले. काय ते टायर! एकेक खाच नांगराच्या तासाएवढी खोल. मिस्त्री म्हणाला, “साहेब, ह्या खाचांत कोंबडी बसून अंडी घालील.” पुढं तो मीटरबद्दल काहीतरी सांगत होता, पण मी त्या वेळी वर बसून रस्ता किती खाली दिसतो ते बघण्यात गुंग होतो. जीप चार बोटं उंच झाली होती. मी वीतभर.

खडीच्या रस्त्यावर त्या टायरांचा असा आवाज व्हायचा, की मधमाश्यांचं मोहोळ उठलंय. शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. अक्कानं दारात उभं राहून तो आवाज ऐकला आणि म्हणाली, “आपला सोन्या कधी असा वरडना नही.”

सोन्या वैशाखात गेला होता. त्यामुळे यंदाचा पोळा आमच्या घरी बैलाशिवायच आला. गावभर शिंगं रंगत होती, झुली चढत होत्या, आणि अक्का रिकाम्या दावणीपाशी बसून होती. मी पुरणपोळ्या खाल्ल्या आणि झोपलो. हे मुद्दाम सांगतोय, पुढं कामाला येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. मी पुढं. मागं अक्का, मांडीवर नारळ, सुपारी आणि पेढ्यांचं गाठोडं. आभाळ इतकं खाली आलेलं, की हात वर केला तर ओला होईल. टायर घुमत होते, मी खुशीत होतो. आणि एकाएकी समोर मळ्याचं वळण आलं.

मी मीटरकडं पाहिलं. मीटरच्या हिशेबानं वळण अजून दोन-अडीच मैल पुढं होतं. ही वाट मला तळहातासारखी माहीत. चकवा लागला की वाट लांबते, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. पण वाट आखूड झालेली तुम्ही कधी ऐकलीय? मधला रस्ता गेला कुठं?

पण दिवे लागायच्या आत पोचायचं होतं. मी जीप मातीत घातली.

मातीत उतरताच टायरांची घरघर बंद झाली. एकदम. कानात दडे बसल्यासारखं झालं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, आणि तिचं एक पान हलत नव्हतं. पोळ्याच्या सुस्तीत शेतावर कोणी माणूस नाही. आणि त्या शांततेत मागून आलं:

छुन्.

मग थोडं थांबून, छुन्.

मी वेग वाढवला. छुन् छुन् छुन् छुन्. मी वेग कमी केला. छुन्… छुन्. मी जीप थांबवली. तेही थांबलं. माझ्यासाठी थांबलं, असं वाटलं.

मागं बघावं म्हणाल, तर बघायचं नाही हा नियम मीच करून ठेवलेला. आता नियम मीच केलाय म्हणून मोडता येतो का? मला त्या घडीला ते काही आठवेना. मी मान ताठ ठेवली आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “अक्का, तुला काही ऐकू येतंय?”

“येस ना,” अक्का शांतपणे म्हणाली. “घरपाइन संगे शे.”

म्हणजे घरापासून सोबत आहे. जी बाई मी माझ्या तोंडानं रचली, ती पिंप्राळ्याहून माझ्या गाडीत बसून तिच्या नाल्याकडं निघाली होती?

“तुला भीती नाही वाटत?”

“कसानी भीती? वाजू दे. जीव रमस मना.”

तुम्हीच सांगा. ज्या अक्काला गेल्या खेपेला नाल्यात चिखलाशिवाय काही दिसलं नव्हतं, तिचा जीव आता त्या आवाजात रमत होता. मी ओळखलं. अक्का आता अक्का राहिली नव्हती.

नाला आला. काठावर तो दगड, शेंदूर ताजा, बांगड्या ओल्या. मी डोळे अर्धे मिटून जीप पाण्यात घातली. टायरांनी काय काम केलं म्हणता! जिथं मागं दिवस घालवला होता तिथून ती लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पाण्यात आवाज बंद झाला. मी सुटकेचा श्वास घेतला. गेली बिचारी आपल्या ठिकाणी, उतरली.

पलीकडचा काठ चढलो आणि पुन्हा, छुन्. आता तो आवाज ओला होता.

तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर हात पडला. अक्काचा. निदान हातावरचं गोंदण अक्काचं होतं.

“भाऊ, थांब जरासा. पायले गाळ लागना व्हई. मी पुसी देस.”

कुणाच्या पायाला? कुणाचे पाय पुसणार होती ही?

मी शांतपणे जीप थांबवली, ब्रेक लावला आणि मदत आणावी म्हणून मळ्याकडं चालत निघालो.

बरं, चालत नाही. ब्रेकही नाही. आणि थांबवलीही नाही. चालत्या जीपमधून मी ज्वारीत उडी मारली, उठलो आणि मळ्याच्या दिशेनं पळत सुटलो. या जीपला हातानं ओढून ठेवायचा ॲक्सिलरेटर असतो, तो तसाच ओढलेला. बैलगाड्यांनी त्या वाटेत पाडलेल्या खोल चाकोऱ्या, त्यात साडेसातचे टायर घट्ट बसलेले. जीप कुठं जाणार? ती आपली आपण माझ्या मागं येऊ लागली. मी पळतोय, आणि मागून छुन् छुन् छुन्. एक चप्पल गेली. टोपी गेली. छुन् छुन् काही जाईना.

नानांच्या अंगणात मी कमरेपर्यंत काळा होऊन शिरलो आणि ओसरीच्या खांबाला मिठी मारली. माझ्या भाचीची सोयरीक ज्यांच्या हातात होती ती सगळी माणसं चांगल्या कपड्यांत बसली होती. मी म्हणालो, “नाना, अक्काला तिनं धरलंय. मागं बघू नका.”

सगळ्यांनी मागं बघितलं.

अंगणात जीप शिरत होती. स्टेअरिंगवर कोणी नाही. मागं अक्का ताठ बसलेली, मांडीवर गाठोडं. जीप सावकाश येऊन कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून थांबली. शेवटचं एक छुन्, आणि सगळं शांत.

अक्का उतरली. पदर सारखा केला. कोणाकडं न बघता मागच्या चाकापाशी बसली आणि पदराच्या टोकानं काहीतरी पुसू लागली. नाना उठून तिच्याजवळ गेले आणि वाकले. चाकाच्या मधल्या लोखंडाला, जिथं माझी नजर कधी जात नाही, तिथं कातडी पट्ट्यात ओवलेली पितळी घुंगरं बांधलेली होती.

“हे काय आहे, अक्का?”

“सोन्याना तोडा शेतस, नाना. तो वैशाखमा गया. पोळाले दावन रिकामी. मंग याले बांधं. आते हाऊच आमना बैल शे.”

म्हणजे आता जीपच आमचा बैल. नानांनी पागोटं काढून हातात घेतलं. त्यांच्या गोठ्यात शिंगं रंगवलेले बैल उभे होते. मग ते म्हणाले, “गेलेल्या बैलाचा पोळा ज्या घरात चुकत नाही, त्या घरची मुलगी माझ्या घरात आली पाहिजे. दिवे लागायच्या आत सुपारी आणा.”

सुपारी फुटली. पेढे वाटले. मला एका पाटावर, जरा लांब, पोतं अंथरून बसवलं. उठताना नानांनी अक्काला हात जोडले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “एक गोष्ट मात्र आत्ताच ठरवून ठेवू. लग्नात मुलीच्या पायात पैंजण असणार आणि मामा तिच्या मागं उभे राहणार. मामाला धरायला दोन दणकट माणसं आमच्याकडून देतो.”

आणि दिली हो. अंतरपाट दूर होईपर्यंत दोघांनी माझे दंड सोडले नाहीत.

मीटरचं म्हणाल, तर चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त रस्ता जातो आणि मीटरला ते कळत नाही. हेच मिस्त्री सांगत होता. म्हणजे सगळं जागच्या जागी लागलं.

अक्षरन् अक्षर खरं म्हणालो होतो खरा, पण आता रचलेलं किती तेही सांगतो. जीप आपली आपण मळ्यात आली, हे मी रचलंय. मी उडी मारताच ती बांधावर चढली आणि बंद पडली. अक्का तशीच बसून राहिली. मग नानांनी बैल पाठवले आणि साडेसातच्या टायरांसकट माझी जीप बैलांनी ओढत अंगणात आणली. पळालो, हे सांगायला मला लाज नाही. पण हे कोणत्या तोंडानं सांगू?

अडचण एवढीच आहे. जीप बांधावर उभी होती, चाकं हलत नव्हती, घुंगरं चाकाला होती. तरी नानांच्या खांबाला मिठी मारेपर्यंत माझ्या मागं छुन् छुन् येतच होतं. ते मी रचलेलं नाही.

म्हणून दर पोळ्याला त्या दगडापाशी जाऊन मी नारळ फोडतो. बाई मी रचलेली आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिला ठाऊक आहे की नाही, तेवढं कळत नाही.