आंबाबर्फीचा पुडा
आंबाबर्फीचा वास आला की मला नारायण पेठेतलं ते मोबाईलचं छोटं दुकान आठवतं. खडकीच्या कारखान्यात माझ्याबरोबर काम करणारा मित्र वारला आणि त्याची मुलगी त्या दुकानात नोकरीला लागली. मित्राच्या आजारपणात मी एकदाच त्याला भेटायला गेलो होतो, ते मनाला लागून राहिलं होतं. म्हणून तिने घरी येऊन कनेक्शन घेता का विचारल्यावर, घरात वायफाय असतानाही, मी मोबाईल ब्रॉडबँडचा वर्षाचा करार करून डोंगल घेतलं. ते कपाटातच पडून राहिलं. करार बंद करायचा होता, पण त्यामुळे तिच्या नोकरीला धक्का लागला तर, या भीतीने मी त्या रस्त्याने जाणंही टाळू लागलो. शेवटी बायकोने हाकललं, तेव्हा डोंगलबरोबर आंबाबर्फीचा पुडा घेऊन गेलो. दुकानात उदबत्तीचा वास होता, बाहेर रिक्षांचे हॉर्न. मी चाचरत कसंबसं सांगितलं. तिने आधी पुडा सोडला, एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाली, "काका, कनेक्शन बंद करायला मिठाई आणणारे तुम्ही पहिलेच." मी विचारलं, "तुला त्रास होईल का गं?" "अहो, मला काही होत नाही. नको होतं तर तेव्हाच नको म्हणायचं. तुमच्या जागी बाबा असते तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं." आम्ही दोघंही हसलो. तो गेल्यापासून त्याच्या आठवणीने मी पहिल्यांदाच हसत होतो. सही करून बाहेर पडलो, तेव्हा ते हॉर्नही बरे वाटले. अजूनही मी आंबाबर्फी घरी आणली की बायको विचारते, "आज काय बंद करून आलात?"