पाण्याला गेली नव्हती

हे मी कोणाला दाखवणार नाही. चौथी शिकले, तेवढ्यावर लिहिते आहे.

शाळेत असताना मला वाटायचे, खरे हे पहाटे झाडाखाली पडलेल्या मोहफुलांसारखे असते. जो आधी जाईल त्याला सापडते. मोठी बहीण गेली त्या दिवसापासून तसे वाटत नाही.

तिला मी बाई म्हणत असे. वडशाच्या पलीकडे एका धानाच्या गावात तिला दिले होते. धानाची रोपे रोवण्याच्या दिवसांत मी तिच्या मदतीला गेले होते. मी कोणाशी बोलत नसे. शेजारच्या बाया हसायच्या, "मुकी बहीन आनली का वं मायघरून?" बाई म्हणायची, "राहू द्या. तिच्या वाट्याचं मीच बोलते."

त्या सकाळी बाईची लहान मुलगी माझ्या मांडीवर बसून पेज पीत होती. आदल्या दिवशी नवऱ्याने बाईला अंगणात सगळ्यांसमोर मारले होते. तिने पाणी भरून ठेवले होते. दोन्ही पितळी गुंड काठोकाठ भरलेले, त्यांवर झाकण. ती मागच्या दाराने रिकाम्या हाताने गेली. माझ्याकडे पाहिलेही नाही.

थोड्या वेळाने विहिरीवर ओरडा झाला.

आमच्याकडे मेल्या घरी बाया नुसत्या रडत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर काढून, कसे झाले ते सांगत रडतात. जी आधी रडते, तिचे शब्द बाकीच्या उचलतात. बाईची सासू आधी रडली.

"पान्याले गेली वं माही लक्ष्मी, काठाले शेवाळ वं, पाय कसा घसरला वं..."

मग जाऊ रडली, शेजारीण रडली. प्रत्येकीच्या रडण्यात तोच पाय, तेच शेवाळ. पोलीस पाटलाने विचारले तेव्हाही सगळ्यांनी तेच सांगितले. खोटे बोलून राहिल्या असे कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते. तोवर त्यांना ते दिसू लागले होते. मी कोपऱ्यात मुलीला घेऊन बसले होते. मला सूर काढून रडता येत नव्हते, आणि साधे बोललेले त्या घरात ऐकू गेले नसते.

संध्याकाळी माय बैलबंडीने आली. उतरल्याबरोबर सासू तिच्या गळ्यात पडली, तेच शब्द रडली. मायनेही तेच उचलले. "पाय कसा घसरला वं माह्या लेकीचा..." आपल्या मुलीसाठी दुसरे कोणते शब्द तिच्याजवळ होते?

दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन सांगितले, "माय, दोन्ही गुंड भरले होते. बाई पान्याले नाई गेली. पोरीले इथी नको ठेवू, आपल्याबरोबर नेऊ."

माय म्हणाली, "साऱ्या गावासमोर मीच रडली ना, पाय घसरला म्हनून. आता कोनत्या तोंडाने लेकरू मागू?"

मुलगी तिथेच राहिली.

बाईने उडी घेतली की कोणी ढकलले, मला माहीत नाही. पाण्याला गेली नव्हती, एवढेच माहीत आहे.

मुलगी मोठी होत गेली. मोहाच्या दिवसांत आमच्याकडे येई. एका वर्षी आम्ही दोघी फुले वेचत होतो. ती सहज म्हणाली, "मावशी, माय पडली तवा मी काठावरच होती. तिचा पाय घसरला, मले अजून दिसते."

"तू माह्या मांडीवर होती. पेज पिऊन राह्यली होती."

"नाई. मी काठावर होती. हिरवं शेवाळ होतं."

"तुही माय पान्याले गेलीच नव्हती. पानी घरी भरून होतं."

तिने हातातली फुले टोपलीत टाकली. "मंग कायले गेली होती?"

"मले नाई मालूम."

"मालूम नाई तं काऊन सांगतं?"

ती टोपली उचलून दुसऱ्या झाडाखाली गेली. तिथे पाठमोरी वेचत राहिली.

आपल्या गावी परत जाऊन तिने आजीला, बाईच्या सासूला, सांगितले असावे. पुढच्या वर्षी मोह पडू लागला तेव्हा तिकडून निरोप आला, पोरगी आता मोठी झाली, तिला पाठवत नाही.